मुलांना इंग्रजीत रस्ता विचारायला आणि सांगायला शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवणारे शिक्षक आणि घरी अभ्यास घेणारे पालक यांच्याकडून गेली काही वर्षं हेच प्रश्न फिरून फिरून येतात. काही प्रशिक्षणात चहाच्या सुट्टीत विचारलेले, बरेचसे रात्री साडेदहानंतर फोनवर आलेले. सोप्यापासून अडचणीच्यापर्यंत क्रमानं लावले आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत, कारण हे आधी कानाचं आणि पायांचं काम आहे. फळ्यावर अर्थातच रोमन लिपीत लिहा.

१. हे कितव्या इयत्तेपासून शिकवायचं? पहिलीच्या मुलांना झेपेल का?

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे, त्यामुळे शब्द कानावर पडायला पहिलीतही हरकत नाही. पण ऐकून तसं करणं हे एक काम आणि दुसऱ्याला सांगणं हे दुसरं. पहिली-दुसरीत फक्त ऐकून वळणं, चालणं, थांबणं. तिसरीला परिसर अभ्यासात दिशा आणि नकाशा येतोच, त्या सुमारास एका वळणाचा रस्ता सांगायला लावा. दोन-तीन वळणं आणि वाटेतल्या खुणा चौथी-पाचवीत. याहून घाई केली की वाक्यं पाठ होतात आणि रस्ता चुकतो.

२. सुरुवात कोणत्या शब्दांनी करावी? यादी मिळेल का?

यादी मागणाऱ्यांची नेहमी निराशा होते, कारण ती पाच ओळींची आहे : गो स्ट्रेट, टर्न लेफ्ट, टर्न राइट, स्टॉप, कम बॅक. दोन आठवडे एवढंच पुरतं.

त्यातही निम्मं काम रिक्षावाल्यांनी करून ठेवलेलं असतं. 'पुढून लेफ्ट मारा', 'सिग्नलला राइट घ्या', 'यू टर्न मारा' हे ज्या घरात कुणाला इंग्रजीचा गंधही नाही तिथंही रोज बोललं जातं. तेव्हा मुलांना शब्द नवे नाहीत, 'मारा' आणि 'घ्या' यांच्या जागी 'टर्न' पुढे आणणं नवं आहे. मी पहिल्या दिवशी फळ्यावर काही लिहीतच नाही. 'रिक्षावाल्याला काय सांगता?' असं विचारते. मुलंच सगळे शब्द देतात.

आधी ऐकणं आणि हालचाल, बोलणं नंतर, या पद्धतीला 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' म्हणतात. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात ती मांडली. आपल्याकडे ती 'शिवाजी म्हणतो' या नावानं आधीपासून अंगणात होतीच. 'शिवाजी म्हणतो, टर्न लेफ्ट!' म्हटलं तरच वळायचं, नुसतं 'टर्न लेफ्ट' म्हटलं तर वळणारा बाद.

३. मुलं लेफ्ट-राइट उलटंच करतात. इंग्रजी कच्चं आहे की आणखी काही?

बहुतेक वेळा इंग्रजीचा दोष नसतो. आधी मराठीत 'डावा हात वर' म्हणून बघा, तिथंही गोंधळ असेल तर प्रश्न भाषेचा नाहीच. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या मांडणीनुसार मुलाला स्वतःचा डावा-उजवा हात आधी कळतो, समोर उभ्या माणसाचा साधारण आठव्या वर्षाच्या पुढेमागे, आणि 'पेन्सिल किल्लीच्या डावीकडे पण नाण्याच्या उजवीकडे' हे वस्तूंमधलं नातं त्याहून उशिरा, अकराव्या वर्षाच्या आसपास. म्हणजे दुसरीतल्या मुलानं तुमच्या डाव्या हाताला राइट म्हटलं तर तो वयाप्रमाणेच वागतोय.

दुसरं कारण आपण स्वतः. माझा पहिल्या वर्षीचा तास आठवतो. मी वर्गाकडे तोंड करून उभी, हात लांब करून 'टर्न लेफ्ट' म्हणतेय. अर्धा वर्ग माझा हात बघून एकीकडे वळला, अर्धा शब्द ऐकून दुसरीकडे, आणि मधल्या रांगेतल्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. वळणं शिकवताना मुलांकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे तुमचा डावा तोच त्यांचा डावा. एवढं एक पाळलं तरी निम्म्या तक्रारी संपतात.

आधार म्हणून उजव्या मनगटाला लोकरीचा धागा बांधा. राखीपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात बऱ्याच मुलांच्या हाताला ती सोय आपोआप असते. 'जेवतो तो हात राइट' ही खूण डावखुऱ्या मुलाला फसवते. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी ताणून 'एल' करायची युक्ती चांगली, पण तळवा बाहेरच्या बाजूला हवा. तळवा स्वतःकडे असेल तर 'एल' उजव्या हातावर दिसतो. आणि ज्या मुलाला 'एल' हे अक्षरच अजून उलटं-सुलटं दिसतं त्याला ही युक्ती काही कामाची नाही.

४. पहिला बोलण्याचा तास नक्की कसा घ्यायचा? पायरीपायरीनं सांगा.

पायऱ्या कसल्या, खेळ आहे. व्हरांड्यात खडूनं दोन आडवे, दोन उभे रस्ते काढा. जोड्या लावा. पुढचा मुलगा रिक्षा, मागचा प्रवासी. प्रवाशाचे हात रिक्षाच्या खांद्यावर. रिक्षाला नियम एकच : कानावर पडेल तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. प्रवाशानं 'स्टॉप' म्हटलं नाही तर रिक्षा भिंतीला जाऊन टेकते. 'टर्न लेफ्ट' वळण गेल्यावर म्हटलं तर रिक्षा तिथंच वळते आणि घरात घुसते, म्हणजे बाकावर आपटते.

पाच मिनिटांत दिसायला लागतं की सूचना वळणाच्या आधी द्यायची असते. हे कुठल्याच पुस्तकात नसतं, आणि मोठी माणसंही गाडीत शेजारी बसून 'अरे, इथंच वळायचं होतं' म्हणत असतात. मग जागा बदला, प्रवासी झाला रिक्षा. जो आधी आपटला तो आता फार काळजीपूर्वक सांगतो.

कवायतीतल्या 'राइट टर्न'ची एक गडबड मात्र होते. तिथं मुलं जागेवर वळून उभी राहतात, पुढे जात नाहीत. त्यामुळे खेळात 'टर्न राइट' नंतर 'गो स्ट्रेट' म्हणावंच लागतं. सुरुवातीला हे चालू द्या.

५. 'समोर'ला 'इन फ्रंट ऑफ' म्हणायचं की 'ऑपोझिट'?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि याचं उत्तर पाठ करून येत नाही. मराठीतला 'समोर' दोन्ही कामं करतो. 'शाळेसमोर रिक्षा उभी आहे' म्हणजे शाळेच्या दारात, आणि 'शाळेसमोर दवाखाना आहे' म्हणजे रस्त्यापलीकडे. इंग्रजीत पहिलं 'इन फ्रंट ऑफ द स्कूल', दुसरं 'ऑपोझिट द स्कूल'. मूल सगळ्यालाच 'इन फ्रंट ऑफ' म्हणतं आणि ऐकणारा रस्ता ओलांडतच नाही.

मी दोरी वापरते. जमिनीवर लांब दोरी टाकायची, तो रस्ता. एका मुलीला दोरीकडे तोंड करून उभी करायची, ती शाळा. दुसरा मुलगा दोरीच्या याच बाजूला तिच्या नाकासमोर बसला की 'इन फ्रंट ऑफ'. तो दोरी ओलांडून पलीकडे गेला आणि तिच्याकडे तोंड करून उभा राहिला की 'ऑपोझिट'. मुलं एका दमात शोधून काढतात : दोरी ओलांडली की शब्द बदलतो. दुकानांच्या पाट्यांवर 'ऑपो. एसटी स्टँड' लिहिलेलं असतं, ते त्यांना शोधून आणायला सांगा. आणि 'ऑपोझिट टू द बँक' मधला 'टू' काढून टाका, आपल्याकडे तो फार घुसतो.

याच घरातलं दुसरं भांडण 'पुढे'चं. 'बँकेच्या पुढे डेअरी आहे' याचा अर्थ बँक ओलांडून गेल्यावर डेअरी. मूल त्यालाही 'इन फ्रंट ऑफ द बँक' म्हणतं, आणि पाहुणा बँकेच्या पायरीवर दूध शोधत बसतो. इथं 'पास्ट द बँक' हवं. 'गो पास्ट द बँक' हे वाक्य रिक्षाच्या खेळात घाला, बाकाला बँक करा आणि ओलांडून जायला लावा.

६. 'डावीकडे आहे' आणि 'डावीकडे वळा' यात मुलं गोंधळतात. काय करावं?

मराठीत 'डावीकडे' एकच, इंग्रजीत वस्तू 'ऑन द लेफ्ट' असते आणि माणूस 'टर्न लेफ्ट' करतो. दुकान डाव्या हाताला आहे म्हणून मूल 'टर्न लेफ्ट' सांगतं आणि ऐकणारा वळून गटारात जातो. नियम सांगू नका. दोन हावभाव ठरवा : वळायचं असेल तर अख्खं अंग वळवायचं, नुसतं दाखवायचं असेल तर पाय जागेवर ठेवून हात पसरायचा. आठवडाभर हावभावाशिवाय बोलायचं नाही.

७. 'शेजारी', 'जवळ', 'मध्ये' यांचं काय?

हे सोपं आहे, फार वेळ घालवू नका. खेटून असेल तर 'नेक्स्ट टू', थोडं अंतर असेल तर 'निअर', दोन्हीकडे काहीतरी असेल तर 'बिट्वीन' आणि मग 'अँड' आलाच पाहिजे. 'बाजूला' हा शब्द मराठीतच मोघम आहे, त्यामुळे मूल आधी 'कुठल्या बाजूला?' असं विचारू लागलं तर खूश व्हा. शब्दांचा क्रम मात्र उलटा होतो हे दाखवा : आपण आधी देऊळ म्हणतो मग शेजारी, इंग्रजीत आधी 'नेक्स्ट टू', मग 'द टेंपल'. दोन कार्डं करून जागा बदलायला लावली की पुरे.

८. पुस्तकातल्या नकाशात म्युझियम, बेकरी, चर्च, सुपरमार्केट असतं. आमच्या गावात यातलं काहीच नाही.

मग तो नकाशा चौथ्या आठवड्यात उघडा. आधी तुमच्या गावाचा नकाशा, मुलांनी काढलेला. एसटी थांबा, पाण्याची टाकी, मारुतीचं देऊळ, पिठाची गिरणी, ग्रामपंचायत, दूध डेअरी, वडाचा पार, अंगणवाडी. पहिला नकाशा वाकडातिकडाच येतो. मूल आपलं घर मध्ये आणि गिरणीपेक्षा मोठं काढतं. खोडू नका. शेजाऱ्याचा नकाशा घेऊन त्यानं चालून बघायचं, म्हणजे चुका आपोआप सापडतात. ज्ञानरचनावादाच्या, म्हणजे मुलानं स्वतः करून शिकावं या विचाराच्या, काळात अनेक जिल्हा परिषद शाळांनी फरशीवर आकृत्या रंगवल्या. त्यांच्या शेजारी गावाचा नकाशा रंगवायला एक डबा रंग पुरतो.

९. चौक, नाका, आळी, वाडी, पार यांना इंग्रजीत काय म्हणायचं?

जे आहे तेच. ठाण्याच्या 'तीन हात नाक्या'चं भाषांतर करून रिक्षावाल्याला सांगितलंत तर तो हात जोडून निघून जाईल. नावाचं भाषांतर होत नाही. नाव नसलेल्या जागेला मात्र सामान्य शब्द लागतो : चार रस्ते मिळतात तिथं 'क्रॉसरोड्स', कोपऱ्याला 'कॉर्नर', गल्लीला 'लेन'. नागपुरात चौकाला 'स्क्वेअर' सर्रास म्हणतात, व्हरायटी स्क्वेअर वगैरे, तिथल्या मुलांना तो शब्द घरचाच आहे. पाराला काय म्हणायचं यावर एकदा प्रशिक्षणात पाऊण तास वाद झाला. 'द बिग बनयन ट्री' एवढ्यावर मिटवा.

१०. रस्ता विचारायला कोणतं वाक्य शिकवावं? आणि 'काका' म्हणायचं की नाही?

'एक्सक्यूज मी, व्हेअर इज द पोस्ट ऑफिस?' हे वाक्य आणि शेवटी 'थँक यू'. 'द' विसरला जातो, कारण मराठीत तसला शब्दच नाही. टोकू नका, तुम्ही उत्तर देताना 'द पोस्ट ऑफिस?' असं परत म्हणा, म्हणजे कानावर पडतो.

काकांचा प्रश्न गमतीचा वाटतो पण खरा आहे. मराठी मूल अनोळखी माणसाला हाक नात्यानं मारतं : काका, मावशी, आजोबा, दादा. 'एक्सक्यूज मी' त्याला कोरडं वाटतं, म्हणून ते 'अंकल, व्हेअर इज…' करतं. आपल्या देशात तेवढं चालतं. नाटुकलं करताना दोन प्रसंग ठेवा : एकदा गावातल्या आजोबांना विचारायचं, एकदा वेरूळला आलेल्या परदेशी पाहुण्यानं मुलाला विचारायचं. तो पाहुणा 'अंकल' म्हणणार नाही, 'एक्सक्यूज मी' म्हणेल, आणि मुलाला तेव्हा कळलं पाहिजे की आपल्याशीच बोलतोय.

११. 'कुड यू टेल मी व्हेअर द बँक इज' हे कधी?

पाचवीनंतर, आणि तेही आयतं वाक्य म्हणून. इथं 'इज' शेवटी जातो. त्याचं कारण समजावायला गेलात तर तोवर शिकलेलं 'व्हेअर इज' सुद्धा डळमळतं. लहान वाक्यापुढे 'प्लीज' लावलं तरी माणूस रस्ता सांगतो.

१२. संवाद तोंडपाठ आहे, स्नेहसंमेलनात झकास म्हटला, पण खरंच रस्ता विचारला की मूल गप्प. असं का?

कारण संवादात दोघांनाही उत्तर आधीच माहीत असतं. मग ऐकायचं कशाला? एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही अशी फट ठेवा, तरच तोंड उघडतं.

दोन मुलं पाठीला पाठ लावून बसवा. दोघांकडे तोच नकाशा, पण एकाच्या नकाशावर वाट आखलेली, दुसऱ्याच्या नाही. पहिल्यानं सांगायचं, दुसऱ्यानं पेन्सिलनं काढायचं. हे जमलं की खरी मजा : दोन नकाशांत एक-दोन खुणा वेगळ्या ठेवा. एकाच्या नकाशात विहीर आहे, दुसऱ्याच्या नाही. 'टर्न लेफ्ट अ‍ॅट द वेल.' 'व्हॉट वेल? नो वेल!' इथून पुढचं इंग्रजी पाठ केलेलं नसतं. स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला 'मॅप टास्क' नेमका असाच होता. मोठ्या माणसांचे १२८ संवाद त्यांनी ध्वनिमुद्रित केले, नकाशांतल्या खुणा मुद्दाम जुळत नव्हत्या. आपल्याही जवळ उदाहरण आहे : १९७९ ते १९८४ या काळात इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी बंगळूरु प्रकल्पात दक्षिणेतल्या साध्या शाळांमध्ये व्याकरणाच्या धड्यांऐवजी नकाशे आणि वेळापत्रकं देऊन मुलांना कोडी सोडवायला लावली.

मला या खेळातली तीन वाक्यं सगळ्यात मोलाची वाटतात : 'से इट अगेन', 'व्हिच वन?' आणि 'लेफ्ट ऑर राइट?'. रस्ता सांगता येण्याआधी ही यायला हवीत.

१३. आमच्याकडे लोक डावं-उजवं म्हणतच नाहीत. 'उगवतीच्या अंगाला', 'वरच्या आळीला', 'नदीकडं' म्हणतात. मुलंही तसंच बोलतात. ते मोडून काढावं का?

अजिबात नको. ही ग्रामीण मराठीची फार चांगली शिस्त आहे. 'घराच्या मावळतीला विहीर' हे सांगणारा कुठेही तोंड करून उभा असला तरी बदलत नाही, डावं-उजवं मात्र त्याच्या पाठीबरोबर फिरतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये गूगू यिमिथिर नावाची भाषा आहे, तिच्यात घरातल्या वस्तूसुद्धा पूर्व-पश्चिमेनं सांगतात. 'कांगारू' हा शब्द १७७० मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या प्रवासात याच भाषेतून इंग्रजीत आला. तेव्हा तुमची मुलं जगावेगळं काही करत नाहीत.

वर्गात दोन्ही ठेवा. 'ईस्ट' आणि 'वेस्ट' हे शब्द या मुलांना शहरी मुलांपेक्षा लवकर येतात, त्याचा फायदा घ्या. सकाळी परिपाठाला सूर्याकडे तोंड करून उभं केलं की समोर 'ईस्ट', लेफ्टला 'नॉर्थ'. सायंकाळी शाळा सुटताना मावळतीकडे तोंड करून उभं करा आणि विचारा, आता लेफ्टला काय? 'साउथ!' हे ओरडून सांगताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. नॉर्थ जागचा हलला नाही, लेफ्ट हलला.

वरची आळी, खालची आळी यांचं मात्र जपून. इंग्रजीतलं 'गो अप द रोड' बऱ्याचदा चढावर नसतंच, नुसतं पुढे जाणं असतं. आणि नकाशाची वरची कड म्हणजे उत्तर, वरची आळी नव्हे. कोकणात वरची वाडी डोंगराकडे, म्हणजे साधारण उगवतीला असते. नकाशात ती उजवीकडे येते आणि मूल हट्टानं वर काढतं.

१४. 'पुढे गेलं की देऊळ लागतं' यातलं 'लागतं' इंग्रजीत कसं आणायचं?

आणूच नका. 'यू विल सी अ टेंपल' म्हणा. मराठीत देऊळ आपल्याला लागतं, इंग्रजीत आपण देऊळ बघतो. एका मुलानं 'टेंपल विल टच यू' लिहिलं होतं. मला ते अजून आवडतं, पण बरोबर म्हणता येत नाही.

१५. अंतर सांगायला मीटर शिकवावेत का?

नको. 'फाइव्ह मिनिट्स' आणि 'निअर' किंवा 'फार'. शंभर मीटर म्हणजे किती हे मोठ्यांनाही सांगता येत नाही. त्याऐवजी वळणं मोजा : 'द सेकंड लेफ्ट'. फक्त 'हे काय, इथंच आहे' या मराठी सवयीपासून सावध. 'जस्ट हिअर' म्हणून मुलानं दोन किलोमीटर चालवलं नाही म्हणजे मिळवली.

१६. 'राइट' म्हणजे उजवीकडे की बरोबर? मुलं फसतात.

मोठेही फसतात. 'टर्न लेफ्ट?' 'राइट!' यावर वर्गात एक विनोद करून टाका आणि होकाराला 'यस' किंवा 'करेक्ट' म्हणायची सवय लावा. 'लिहिणे'वाला 'राइट'ही कानाला सारखाच, पण तो लिहिताना भेटतो, रस्त्यात नाही.

१७. पंचेचाळीस मुलं आणि एकच खोली, शिवाय दोन इयत्ता एकत्र. रिक्षा कुठं चालवायच्या?

शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, पण तुमची खोली मी पाहिली आहे. रिक्षा बाकावर चालवा : खडूनं बाकावर रस्ते, बाटलीचं झाकण ही रिक्षा. वरच्या इयत्तेतलं मूल सांगेल, खालच्या इयत्तेतलं झाकण सरकवेल. प्रश्न १ मधली विभागणी इथं आपोआप बसते, म्हणून मला हा खेळ जोडवर्गात जास्त जमलेला दिसतो. आवाज होणार. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा.

१८. फोनमध्ये नकाशा बोलतो, मग हे कशाला शिकवायचं?

फोनलाच शिक्षक करा ना. इंग्रजी आवाज लावून शाळा ते बाजार हा रस्ता मुलांना ऐकवा, पडदा झाकून. 'टर्न लेफ्ट' आलं की हात वर. मग विचारा : या बाईनं कुठल्या खुणा सांगितल्या नाहीत? मुलं टाकी, पार, गिरणी सांगत सुटतात. फोनला अंगणवाडीमागची पायवाट बहुधा माहीत नसते, त्यांना असते.

१९. अनोळखी माणसाला रस्ता सांगायला शिकवणं सुरक्षित आहे का?

हा प्रश्न आईवडिलांकडून येतो आणि तो योग्यच आहे. धड्यातच नियम घाला : जागेवर उभं राहून सांगायचं, दाखवायला सोबत जायचं नाही, गाडीजवळ जायचं नाही, गाडीत तर नाहीच. 'प्लीज आस्क इन दॅट शॉप' हे वाक्य सगळ्यांना यायलाच हवं. उलट बाजू पण शिकवा : मूल स्वतः चुकलं तर दुकानदार, एसटीचा वाहक, पोलीस किंवा लेकरासोबतची बाई यांना विचारायचं. १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक आणि तातडीच्या मदतीचा ११२ इंग्रजीत आकडे मोजताना पाठ करून घ्या.

२०. वर्गात दृष्टिहीन मूल आहे. नकाशाचा धडा वगळू का?

वगळू नका, बऱ्याचदा तेच मूल सगळ्यात नेमकं सांगतं. त्याच्या खुणा आवाजाच्या आणि पावलांच्या असतात : गिरणीची घरघर, नळाचं पाणी, बारा पावलं. 'टेन स्टेप्स, देन लेफ्ट' हे वाक्य पूर्ण वर्गाला लागू करा. नकाशा हवाच असेल तर पुठ्ठ्यावर डिंकानं सुतळी चिकटवून रस्ते करा. चाकाच्या खुर्चीवर मूल असेल तर 'स्टेप्स' (इथं पावलं नव्हे, पायऱ्या) आणि 'रॅम्प' हे दोन शब्द आधी शिकवा, आणि रस्ता सांगणाऱ्यानं पायऱ्या टाळून सांगायचा असा नियम करा.

२१. नात अमेरिकेत असते. ती 'टू ब्लॉक्स' म्हणते, आणि आमचा पहिला मजला तिला 'सेकंड फ्लोअर'. कोण बरोबर?

दोघंही. तिच्या शहरात रस्ते चौकटीत असतात, म्हणून ब्लॉक मोजता येतात. पुण्याच्या कसबा पेठेत ब्लॉक मोजायला गेली तर ती संध्याकाळपर्यंत परतणार नाही. मजल्यांबाबत आपण ब्रिटिश पद्धत धरली : तळमजला 'ग्राउंड फ्लोअर', त्यावर 'फर्स्ट'. अमेरिकेत तळमजलाच 'फर्स्ट'. आणखी एक गोष्ट तिला सांगा : इथं गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघायचं.

२२. तोंडी परीक्षेत गुण कसे द्यायचे?

ऐकणारा पोचला की गुण. खरंच चालायला लावा. 'गो टू स्ट्रेट, देन लेफ्ट टर्न, टेंपल नेक्स्ट' असं मोडकं बोलूनही जोडीदार गिरणीशी पोचला तर निम्म्याहून जास्त गुण दिलेच पाहिजेत. शुद्ध वाक्यं म्हणून जोडीदाराला भिंतीवर धाडणाऱ्याला कमी. पालक विचारतील, त्यांना व्हरांड्यात चालून दाखवा. आणि जोडीदारानं 'व्हिच वन?' विचारलं तर त्याला वेगळा गुण ठेवा, का ते प्रश्न १२ मध्ये आहे.

२३. रस्ता माहीत नसेल तर मुलानं काय म्हणायचं?

'सॉरी, आय डोन्ट नो.' हे वाक्य पुस्तकांत क्वचित असतं आणि आपल्या स्वभावात तर नाहीच. आपल्याकडे पत्ता विचारला की माहीत नसलेला माणूसही दोन दिशा दाखवतो. पुण्यात 'येथे पत्ता विचारू नये' अशा पाट्या लावण्याची परंपरा आहे, ते दुसरं टोक. मुलांना मधलं शिकवा : माहीत नाही म्हणायचं आणि कुणाला विचारावं ते सांगायचं.

चौथीतल्या एका मुलीला मी पाहुणी होऊन विचारलं, 'एक्सक्यूज मी, व्हेअर इज द पोस्ट ऑफिस?' तिनं वेणीचं टोक तोंडातून काढलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, 'सॉरी, आय डोन्ट नो. आस्क माय आज्जी. शी इज अंडर द बिग बनयन ट्री.'